एका हाकेला ओ

आलापल्लीच्या शाळेत मी इंग्रजीचा मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा माझं वय चोवीस होतं आणि डोक्यात हवा भरपूर होती. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. बल्लारपूरच्या आमच्या वस्तीतला मी पहिला पदवीधर. वडिलांनी धम्मदीक्षा घेतल्यावर देव्हारा, नवस, अंगारा हे सगळं एका दिवसात घराबाहेर काढलं होतं. त्याचा मला फार अभिमान होता, आजही आहे. फक्त त्या अभिमानाच्या भरात मी दुसऱ्याच्या सवयीतही हात घातला.

शाळा सुटल्यावर माझ्याकडे एक वनरक्षक शिकायला येत. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायचो, आणि ते मला सर. त्यांना खात्याची परीक्षा देऊन वनपाल व्हायचं होतं. तोंडी परीक्षेत साहेब इंग्रजीत चार प्रश्न टाकतात, या धास्तीने दोनदा ते गेलेच नव्हते. वनपाल झाले असते तर रोजची जंगलातली पायपीट कमी झाली असती. त्यांच्यापेक्षा त्यांच्या बायकोला ते जास्त हवं होतं.

त्यांचं घोडं अडायचं ते छोट्या छोट्या शब्दांवर. 'पुट' म्हणजे ठेवणे, हे पाठ. मग 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणे, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे आणि 'पुट आउट' म्हणजे विझवणे, हे कसं? हा घोटाळा मीच करून ठेवल्यासारखे ते माझ्याकडे बघत. "ठेवते तं ठेवते सर, विझवते काऊन?"

मी म्हटलं, "भाऊ, इंग्रजी क्रियापद एकटं असतं तोवर सरळ असतं. मागे कोणी लागला की मग तो त्याला कुठे नेईल, सांगता येत नाही."

मी गंमत केली होती. ते हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं.

दुसरी अडचण सर्वनामांची. 'पुट आउट द फायर' चालतं, 'पुट द फायर आउट'ही चालतं. पण आगीचं नाव न घेता 'इट' म्हटलं, की ते मध्येच यायला हवं, 'पुट इट आउट'. पंधरा दिवस मी घसा कोरडा केला, पण पालथ्या घड्यावर पाणी. मग एका संध्याकाळी तेच म्हणाले, "समजलं सर. जंगलात नवा मानूस संग असला का आमी त्याले मधात घेतो. पुढं कुऱ्हाडवाला, मागं मी. हे इट, हिम, देम, सारे नवे मानसं. मधात घ्याचं." त्यानंतर ते एकदाही चुकले नाहीत. ही युक्ती मी पुढे तीस वर्षं वर्गात वापरली. ती कोणाची, हे कधी सांगितलं नाही.

सगळ्यात कठीण प्रकार वेगळाच होता. मी प्रश्न विचारला की ते गप्प. दुसऱ्यांदा विचारला की ओठ हलायचे, पण आवाज नाही. तिसऱ्यांदा विचारला की चोख उत्तर, आणि तेही तीन-तीनदा. मला आधी वाटलं, ऐकायला कमी येत असावं. एक दिवस माझं डोकं फिरलं आणि मी टेबलावर पट्टी आपटली, तेव्हा त्यांनी सांगितलं.

"आमी एका हाकेले ओ देत नाई सर. सवयच नाई. मानूस तीनदा बलावते अन् तीनदा ओ देते. तो एकदाच बलावते."

"तो कोण?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर डेपोतल्या सागाच्या ओंडक्यांच्या रांगा होत्या आणि त्यांच्यापलीकडे जंगल.

मी त्यांना चांगलंच झापलं. म्हटलं, साहेब तीनदा विचारणार नाही. एकदा विचारेल आणि पुढच्याला बोलावेल. ओ द्यायची ती पहिल्याच हाकेला, आणि उत्तर एकदाच. पुन्हा पुन्हा बोललात तर साहेबाला वाटेल, याला येत नाही. एकदा बोलून गप्प बसायचं. माझ्या वडिलांनी एका दिवसात एवढं सोडलं, तुम्हाला ही एक सवय सोडवत नाही?

ती सवय मोडायला मला दोन महिने लागले. ते सायकलवर टांग टाकून निघाले की मी पाठीमागून अचानक एकदाच ओरडायचो, "कम बॅक!" सुरुवातीला ते तसेच पुढे जायचे, मानेवर काटा आलेला मला मागून दिसायचा. मग थबकायला लागले. मग एके दिवशी मी ओरडलो आणि त्यांनी जागच्या जागी सायकल फिरवली. "येस सर." एकदाच, खणखणीत. मी पाठीवर थाप मारली. त्यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

लेखी परीक्षा ते पास झाले. तोंडी परीक्षा मोहफुलांचा मोसम संपल्यावर चंद्रपूरला व्हायची होती.

सागाची पानं गळून जंगल पार उघडं पडलं होतं, त्या दिवसांतला एक शुक्रवार. शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि वर्गाच्या दारात त्यांची बायको उभी दिसली. तिच्या मागे दोन वनमजूर मान खाली घालून उभे होते. आदल्या दिवशी भर दुपारी तिघं एका वाटेने चालले होते, भाऊ सगळ्यात मागे. ते एकाएकी थांबले, "येस सर" म्हणाले आणि वळून बांबूत शिरले. मजुरांनी तीन-तीनदा हाका मारल्या. ओ आली नाही.

"तुम्ही काही ऐकलं होतं?" मी विचारलं.

एक म्हणाला, काहीच नाही. दुसरा म्हणाला, ऐकलं. "एकदाच. इंग्रजीत होतं, समजलं नाई. आवाज तुमचा होता सर."

शुक्रवारी दुपारी मी सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहीत होतो. चाळीस पोरं साक्षीला होती. मी म्हटलं, भेकर ओरडलं असेल, लांबून ते माणसाच्या हाकेसारखं वाटतं.

"तुमी चाला," ती म्हणाली. "तुमच्या हाकेवर गेले, तुमच्याच हाकेवर येतीन."

आम्ही आठ जण होतो. वाटेला लागल्यावर कोणी काही न सांगता मला मध्ये घेतलं. वाळलेल्या पानांवर आठ जणांच्या पावलांचा आवाज केवढा होतो! आम्ही थांबलो की तोही थांबायचा, पण मला दरवेळी वाटायचं, जरासा उशिराने थांबला.

ती जागा आली. डाव्या हाताला बांबू आणि खाली उतारावर कोरडा नाला. ती म्हणाली, "मारा हाक."

मी तोंडापुढे हात धरले. "कम बॅक!"

"येस सर."

खालून, नाल्याच्या अंगाने. जवळून. एकदाच, खणखणीत. मी उताराकडे धावलो. तिने माझं मनगट धरलं. बाईचा हात, पण पकड सांडशीसारखी.

"थांबा. अजून बलावा."

मी दुसऱ्यांदा हाक मारली. काही नाही. तिसऱ्यांदा मारली. बांबू करकरला, एवढंच. सगळे कान देऊन उभे होते आणि सगळ्यांनी पहिली ओ ऐकली होती.

"एकदाच आली," ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "माहा मानूस नाई तो. माह्या मानसानं तीनदा ओ देल्ली असती. चाला वापस."

मजूर तर वळलेही होते. मला तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं, की वहिनी, एकदाच उत्तर द्यायचं आणि गप्प बसायचं, हे मी त्यांना शिकवलंय. घसा फोडून, पट्टी आपटून शिकवलंय. पण बोललो असतो तर ती सवय मी मोडली, हे तिच्यासमोर कबूल करावं लागलं असतं. आणि बोललो असतो तर त्या बांबूत सगळ्यांच्या पुढे मला जावं लागलं असतं. मी घाबरलो होतो. देव न मानणारा, भूत न मानणारा मी, मूग गिळून रांगेत मध्ये जाऊन उभा राहिलो. आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खात्याची माणसं नाल्यात उतरली. काठावरच्या एका खडकाशी पाला दबलेला होता, कोणी पाय पसरून बराच वेळ बसून राहिलं असावं तसा. बाजूला त्यांची काठी होती, मधोमध मोडलेली. पाण्याचा तुंबा हाताला येईल अशा फांदीला नीट अडकवलेला होता, आणि तो रिकामा होता. तिथून पाला नाल्याच्या पलीकडे फरफटत गेल्यासारखा दिसत होता, पुढे नुसता कातळ. भाऊ सापडले नाहीत.

वहिनींना पुढे खात्याने रोपवाटिकेत कामावर घेतलं. त्यांच्या लेखी त्यांचा माणूस शुक्रवारी दुपारीच गेला होता, आणि शनिवारी आम्हाला ओ दिली ती दुसऱ्याच कोणी. बाजारात भेटल्या की माझ्यासाठी टेंभुर्णीची फळं काढून ठेवलेली असायची. ती पिशवीत घालताना त्या दरवेळी एकच वाक्य म्हणत, "मी तुमचा हात धरला म्हून तुमी वाचले, सर."

आणि मी दरवेळी म्हणायचो, "हो, वहिनी."