हवा सोडत सोडत सांगलीला

साताऱ्याहून निघताना घराच्या सावलीत उभ्या गाडीची हवा मामांनी मोजली. चोवीस पौंड, अगदी बरोबर. ते तेवढ्यावर थांबले असते तर मला हे लिहावंच लागलं नसतं.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, मिलिटरीत ट्रक चालवून रिटायर झालेले सुभेदार. जुनी फियाट त्यांचीच. मी निघाले होते सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजात, फिजिक्सच्या लेक्चररच्या मुलाखतीला. एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा मे. ही नोकरी हुकली तर जूनपासून मला स्थळं दाखवायची, असं घरात ठरलेलं होतं.

उंब्रजला ऊन चढलं. मामांनी वडाखाली गाडी घेतली आणि खिशातून पेनासारखं हवेचं मीटर काढलं. आकडा सत्तावीसवर.

"लय (फार) फुगल्यात," म्हणत त्यांनी फुस्सकन हवा सोडली.

मी समजावलं. चाक पळून तापतं, त्यात हे ऊन, म्हणून दाब वाढतो. टायर बनवणाऱ्यांनी ते धरलेलंच असतं. हवा मोजायची ती चाक गार असताना.

"पुस्तकातली हवा येगळी आन रस्त्यावरची येगळी, पोरी."

कराडला पिठलं-भाकरी खाल्ली, वर मिरचीचा झणझणीत ठेचा. हात धुऊन येते तो मामा पुन्हा चाकापाशी. पेठ नाक्यावर तेच. हवा कमी म्हणून चाक दबायचं, दबलं की आणखी तापायचं, तापलं की आकडा वर. मामा मात्र खूश. बघ, मी म्हणत नव्हतो का, असा चेहरा.

आष्ट्याजवळ स्टेअरिंग जड झालं. सायकलवरून चाललेला एक म्हातारा थांबून म्हणाला, "पावनं, म्होरली (पुढची) चाकं बसल्यात की."

मामांनी पंक्चर शोधलं. नव्हतंच, तर सापडणार कुठून! घड्याळ पुढं पळत होतं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"मामा, मुलाखत हुकली तर लग्न करणार नाही. जन्मभर तुमच्याकडेच येऊन राहीन."

त्यांनी तडक पायपंप काढला. सगळ्या चाकांत अठ्ठावीस भरा, मी म्हटलं, गार झाली की चोवीसवर येतील. भर उन्हात मामा पंप मारत होते आणि मी, खोटं कशाला बोलू, मजेत बघत होते.

पोचले ती उशिरा, घामाघूम. प्राचार्यांनी उशिराचं कारण विचारलं. म्हटलं, आता गेलीच नोकरी, तर खरं तरी सांगू. सांगितलं सगळं. मुलाखत समितीतले बाकीचे दोघे हसले. प्राचार्य हसले नाहीत.

"म्हणजे दुपारी हवा सोडायची नसते?" त्यांनी हळूच विचारलं.

स्वारी रोज दुपारी आपल्या अँबॅसडरची हवा सोडत होती. मग सगळी समिती अंगणात आली आणि माझी उरलेली मुलाखत चाकाशेजारी उकिडवं बसून झाली.

शेवटी गुडघे झटकत प्राचार्य म्हणाले, "जूनपासून या. पहिल्या दिवशी जरा लवकर या, गाडी गार असताना."

आनंदानं मला रडूच फुटलं. मामांनी खांद्यावरचा टॉवेल पुढं केला.

परतताना आष्ट्याला रस प्यायला थांबलो. शेजारी एक टॅक्सीवाला तापल्या चाकाची हवा सोडत होता. मामा लगबगीनं उठले आणि त्यांनी त्याचा हात धरला.

"तापल्यावर सोडायची न्हाई गड्या. सकाळी गार आस्ताना मोजायची. आमाला मिलिटरीत तसंच शिकवलंय."

मी ग्लासात तोंड खुपसलं. नोकरी सुरू व्हायच्या आधीच माझा पहिला विद्यार्थी पास झाला होता, फक्त बाईंचं नाव विसरला होता.