राहिलेली चाल

फोनवर मन्मथचं नाव दिसलं आणि मी नेहमीसारखाच बोललो, "माहीत हाय बे, चाल माझी हाय." कित्येक वर्षं आमचं बोलणं याच वाक्यानं सुरू व्हायचं. त्यानं टोमणा मारायच्या आत मी कबूल करून टाकायचो, म्हणजे पुढचं सोपं जायचं. त्या दिवशी मात्र पलीकडून हसू आलं नाही. त्याच्या बायकोचा, मंगलवहिनींचा आवाज आला, "भावजी... मी बोलतेय." मन्मथ दुपारी दुकानात, खुर्चीवर बसल्या बसल्या गेला होता. मी "बरं" म्हणालो. का म्हणालो ते अजून कळलेलं नाही. "बरं, निघतो," असं म्हणून फोन ठेवला आणि समोर निवडायला घेतलेली मेथी पूर्ण निवडून संपवली.

पुण्याहून धारूरला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यांच्या समाजात माणसाला बसवून माती देतात. तो बसलेला आहे, एवढंच माझ्या डोक्यात आलं. रडू आलं नाही. मन्मथला मी बहुतेक वेळा बसलेलाच पाहिला होता, दुकानाच्या दारात, गुडघे जवळ घेऊन, हातातल्या खेळाच्या छोट्या पडद्यावर ऊन पडेल असा जरा तिरका.

मी मूळचा चकलांब्याचा. टेलिफोन खात्यात लागलो तेव्हा पहिली नेमणूक धारूरला मिळाली. तो काळ गावोगाव पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघत होते तो. बाजारपेठेत मन्मथच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, त्याच्या कोपऱ्यात काचेची खोली करून मन्मथनं बूथ घातला होता. लाइन सारखी बिघडायची आणि मी सारखा जायचो. रात्री दर उतरला की तिथं रांग लागायची, दुपारी मात्र माश्याही कंटाळायच्या. अशाच एका रिकाम्या दुपारी त्यानं गल्ल्याखालून एक राखाडी वस्तू काढली. माल आणायला हैदराबादला गेला होता, तिथं बाहेरदेशच्या वस्तूंच्या बाजारात त्याला ती दिसली होती. हातात मावणारा व्हिडिओ गेम, आणि त्याच्या पाठीत खुपसायची एक चपटी कॅसेट. "टकाटक उड्या मारायचा न्हाई हा," तो म्हणाला. "डोकं लागतंय. बस."

खेळ लढाईचा होता. नकाशावर किल्ले, किल्ल्यांवर सरदार, सरदारांकडे फौज आणि धान्य. एकानं आपली चाल करायची आणि यंत्र दुसऱ्याच्या हातात द्यायचं. काळी निशाणं त्याची, पांढरी माझी. सगळा मजकूर जपानी, त्यामुळे कुठलं बटण दाबल्यावर काय होतं हे दाबूनच शिकावं लागलं. एकदा मी मोठ्या रुबाबात हुकूम सोडला आणि स्वतःचीच कोठारं पेटवली. मन्मथ हसून हसून बूथच्या काचेवर आदळला. "चकलांब्याचा राजा हाय ह्यो! दुश्मन कशाला पायजे ह्याला?" तेव्हापासून नकाशातल्या कोपऱ्यातल्या किल्ल्याचं नाव चकलांबा पडलं. मधला धारूर, डोंगरावरचा नारायणगड. माझ्याकडच्या दाढीवाल्या गंभीर सरदाराला आम्ही तलाठी म्हणायचो. पुढं पुण्यात माझ्या कचेरीतल्या, जपानला राहून आलेल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं, की हा खेळ तिकडच्या एका गाजलेल्या चित्रकथेवरून केलेला आहे आणि दाढीवाला त्या कथेतला सर्वांत इमानी माणूस आहे. मी ते फोनवर सांगितलं तेव्हा मन्मथ म्हणाला, "मंग माफी मागावी लागंल तलाठ्याची."

तो माझ्यापेक्षा कितीतरी चांगला खेळायचा, पण माझा सरदार पकडला की दर वेळी सोडून द्यायचा. मी चिडायचो. तो म्हणायचा, "तुला संपवून टाकलं तर खेळू कुनासंगं? बाप तर गल्ल्यावरनं उठत न्हाई."

माझी बदली बीडला झाली तेव्हा डाव अर्धाच होता. मग त्यानं युक्ती काढली. त्याच्या आईनं खणाची छोटी पिशवी शिवली. आपली चाल करून यंत्र त्या पिशवीत घालायचं आणि एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचं. ज्याची चाल, त्याच्याकडे यंत्र, हा नियम. स्टँडवर लोक डबे घ्यायला यायचे तसा मी पिशवी घ्यायला जायचो. ड्रायव्हर विचारायचा, "काय असतंय हो ह्यात, औषध?" मी हो म्हणायचो. एक चाल यायला कधी आठवडा, कधी महिना.

यात एक सोवळं आम्ही फार पाळलं. यंत्रात चार पेन्सिल सेल लागायचे. डाव त्या सेलांतच साठून राहतो अशी आमची पक्की समजूत होती, म्हणून चारही एकदम कधीच काढायचे नाहीत. एकानं एक जुना काढायचा, शेजारी असेल त्या दुसऱ्यानं त्याच दमात नवा घालायचा, मग पुढचा. त्या वेळात बोलायचं नाही. उतरलेले सेल मन्मथ दुकानाच्या पत्र्यावर उन्हात ठेवायचा आणि थोडे दिवस आणखी चालवायचा.

पुढं माझं लग्न झालं, मी पुण्याला आलो. गावात मोबाइल आले, त्याची काचेची खोली गेली आणि तिथं साखरेची पोती आली. एकदा पिशवी माझ्याकडे आली ती कपाटातच राहिली. चाल माझी होती. चकलांब्याला तीन बाजूंनी काळी निशाणं लागलेली आणि मला काही सुचत नव्हतं... असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मी बघितलंच नाही. मग बायकोमुलांसह खऱ्या नारायणगडाला दर्शनासाठी आलो, तिथून वाकडी वाट करून धारूरला थांबलो, तेव्हा यंत्र घेऊन गेलो आणि त्याच्या हातात दिलं. म्हणालो, "घरात मुलं तोडून टाकतील. तुझ्याकडंच ठेव. पुढच्या खेपेला खेळतो."

"आत्ता खेळ की. चहा होईस्तोवर."

"गाडी थांबलीय बे."

त्यानं पिशवी परत नीट बांधली. "ठेवतो. तुझी अमानत हाय."

पुढच्या खेपा झाल्या. त्यानं दर वेळी पिशवी समोर ठेवली आणि मी दर वेळी घड्याळ पाहिलं. मधे कधीतरी पुण्यात एका दुरुस्तीवाल्यानं बोलता बोलता सांगितलं, की असल्या कॅसेटच्या आत एक छोटा गोल सेल असतो, डाव त्यात राहतो आणि काही वर्षांनी तो सेल आपोआप मरतो. बाहेरचे सेल कितीही जपले तरी उपयोग नसतो. हे मी मन्मथला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर, "मंग ये की लवकर," असं तो म्हणाला असता.

मातीनंतरच्या दुपारी वहिनींनी पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. मी म्हणालो, "आता यात काही राहिलं नसेल वहिनी."

"हाय की," त्या म्हणाल्या. "मधी एकदा सगळं पुसून गेलतं. दोन दिस जेवन ग्वाड लागलं न्हाई त्यान्ला. मंग अंबाजोगाईच्या घड्याळवाल्याकून आतला सेल बदलून आनला, आन् पयल्यापासनं मांडत बसले. दोन्हीकडनं सोताच खेळायचे. सगळा श्रावण गेला. मी म्हनलं, कावून इतकं? तर म्हने, अमानत हाय, जशी दिली तशी पायजे."

मला फोनवर तो यातलं काहीच बोलला नव्हता. तेव्हाही "चाल तुझी हाय" एवढंच म्हणाला होता.

"आन् बाहेरचे सेल मातुर एकेकच," वहिनी म्हणाल्या. "मी काढायची, ते घालायचे. बोलू द्यायचे न्हाईत."

मी दारात जाऊन बसलो. पडद्याला स्वतःचा उजेड नाही, ऊन लागतं. नकाशा उघडला. चकलांबा तिथंच होता, भोवती काळी निशाणं तशीच. फक्त नारायणगडाकडची वाट मोकळी होती. ती मला मोकळी आठवत नव्हती. कदाचित माझ्याच लक्षात राहिलं नसेल... फार वर्षं झाली.

मी तलाठ्याला त्या वाटेनं बाहेर काढला. चाल संपल्याचं बटण दाबलं. काळं निशाण लुकलुकायला लागलं. वहिनींनी विचारलं, "झालं?" मी "झालं" म्हणालो आणि यंत्र पिशवीत घालून त्यांच्याकडे दिलं. नियमानं ते आता धारूरलाच राहायला हवं होतं.

परवा फोनवर पुन्हा मन्मथचं नाव आलं. या वेळी मी आधी काहीच बोललो नाही. वहिनी म्हणाल्या, "भावजी, अधूनमधून त्यो खेळ लावून बघते मी. आता सेल उतरल्यात वाटतं. येकटीनं कसं बदलू? दुसरं मानूस लागतंय." आतला सेल नवा आहे, बाहेरचे चारही एकदम काढले तरी काही पुसणार नाही, हे मला त्यांना सांगता आलं असतं. मी "बरं" म्हणालो आणि सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं.