जाम्याखाली वाजेल असे यंत्र

बुखाऱ्यात लग्नाला कोण गाणार हे ठरले की साथीला कोण, असे लगेच विचारतात. तोलिब-अका गाणार असले तर उत्तर ठरलेले असे: सालोमत-अपा. संगीतशाळेत मुलांना पियानो शिकवता शिकवता तिची बोटे तयार झाली होती आणि जीभही. पन्नाशीला आलेली, ठेंगणी बाई. डोक्याला घट्ट रुमाल, मनगटात एकही बांगडी नाही, कारण बांगडी कळांवर आपटते. लग्नाच्या अंगणात शिरली की आधी ऊन कुठून कुठे सरकणार ते पाहायची आणि मगच टेबल मांडायची. टेबलावर कीबोर्ड आणि त्याला जोडलेला लॅपटॉप. कीबोर्ड स्वतः मुका. कळ दाबली की लॅपटॉपमधले वाद्य बोलायचे.

ती वाद्ये तिची स्वतःची होती. शहरातल्या म्हाताऱ्या वादकांना घरी बोलावून, पुलाव खाऊ घालून तिने त्यांचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. संतुरासारखे काठ्यांनी वाजणारे चांग, मांडीवर उभे धरून गजाने वाजवायचे गिज्जक, आडवी नय बासरी. तयार गाण्यांची फीत लावून नुसती बोटे हलवणाऱ्यांचा तिला मनस्वी तिटकारा होता. गायकाने तान लांबवली तर साथीने थांबायला हवे, नवरीच्या मावशा नाचायला उठल्या तर लय चढायला हवी. "फितीला डोळे नसतात," ती म्हणायची. "नाचणारी धापा टाकायला लागली तरी तिला पत्ता नसतो."

मे महिन्यातल्या एका लग्नात मात्र तिचीच फजिती झाली. लग्नघरची वडीलधारी मंडळी खूश झाली की वादकांच्या खांद्यावर जामा, म्हणजे पायघोळ अंगरखा, घालतात. बाईच्या खांद्याला परक्या पुरुषाने हात लावायचा नाही, म्हणून सालोमतचा जामा तिच्या वाद्यावर पांघरला जातो. गाण्यांची बैठक संपेपर्यंत तो हलवायचा नसतो. मध्येच उचलला तर मान परत केल्यासारखे होते. त्या दिवशी नवरीच्या चुलत्याने कापूस भरलेला जाडजूड जामा आणला आणि प्रेमाने नेमका लॅपटॉपवर घातला. आतल्या पंख्याला हवा मिळेना. तो घरघरला, लॅपटॉप तापला, आणि चांगचे सूर तापल्या तेलात पाण्याचे थेंब पडावेत तसे तडतडू लागले. मग एकच सूर अडकून राहिला. तोलिब-अका वरच्या पट्टीत होते, तसेच उभे राहिले. सालोमतने जामा ओढून काढला.

"आमचा मान जड झाला वाटतं," चुलता म्हणाला आणि जाऊन बसला. तो पुन्हा उठला नाही.

परतताना गाडीत तोलिब-अकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तोंड उघडून उभा होतो मी, अपा. मासा दिसलो असेन."

"दिसलात," सालोमत म्हणाली.

ते हसले, पण जे बोलायचे होते ते बोललेच. फीत लावणाऱ्या एका माणसाशी त्यांचे बोलणे झाले होते. जुलैमध्ये रेशीमवाल्या इस्मतुल्ला हाजींच्या नातवाचे लग्न होते. तिथे पुन्हा असे झाले तर पुढच्या लग्नापासून टेबलामागे तो माणूस बसेल. ते हे सारे इतक्या सौजन्याने बोलले की सालोमतला भांडताही येईना.

घरी नवऱ्याने, असरोरने, तोडगा सुचवला. लॅपटॉपवर चार पायांची चौकट उभी करायची, जामा तिच्यावर राहील. "म्हणजे मी नाक्यावर सांबुसे विकायला बसल्यासारखी दिसेन," ती म्हणाली. लॅपटॉप टेबलाखाली ठेवावा तर तिथे धूळ आणि पोरांचे पाय. आणि मान कुठे ठेवायचा हे देणाऱ्याला सांगायचे नसते. तेव्हा बदलायचे ते यंत्रच. तिने असरोरकडे त्याचा हिवाळी जामा मागितला.

"या उकाड्यात? कोणाला थंडी वाजतेय?"

"यंत्राला घालून बघायचाय."

असरोरने पेटीच्या तळातून जामा काढून दिला आणि, संसार फार वर्षांचा असल्यामुळे, पुढे काही विचारले नाही.

संगणकांचे दुकान फिरुझचे. लहानपणी वर्षभर तो तिच्याकडे पियानो शिकायला येत होता, आणि तुझे हात दुकानदाराचे आहेत असे सांगून तिनेच त्याला घरी पाठवले होते. ते खरे ठरल्याबद्दल तो तिचा आदर करी. त्याने लाल दिव्यांचा सर्वांत दांडगा लॅपटॉप पुढे केला आणि प्रोसेसर किती वेगाचा, मेमरी किती, हे घडाघडा सांगितले.

"ते राहू दे. कळ दाबल्यावर सूर कधी येतो ते बघू," सालोमत म्हणाली. तिने दाराशी, भर उन्हात टेबल मांडून घेतले, पिशवीतून छोटा कीबोर्ड काढला आणि आपली वाद्ये लॅपटॉपमध्ये भरली. दांडग्याने सारी वाद्ये एकदम उचलली, वर वीस व्हायोलिनांचा ताफाही. बोट आणि सूर यांत अंतर म्हणून नव्हते. फिरुझ खुलला. मग सालोमतने पिशवीतून जामा काढून लॅपटॉपवर घातला आणि कडा नीट खोचल्या.

"बाई, यंत्र आहे ते, बाळंतीण नाही."

"लग्नात सगळ्यांनाच पांघरूण घालतात. तू चहा सांग."

हिरवा चहा येईपर्यंत जाम्याखाली पंखे विमानासारखे घोंघावू लागले होते. दुसरे गाणे निम्म्यावर आले आणि तडतड सुरू झाली. त्याच्यानंतरचा स्वस्तातला लॅपटॉप तर पहिल्याच गाण्यात धारातीर्थी पडला. शेजारचे दोन दुकानदार उंबऱ्यावर येऊन बसले, आणि बाई लॅपटॉपचा घाम का काढताहेत यावर आपापसांत पैज लावू लागले.

शेवटी फिरुझने एक पातळ, करडा लॅपटॉप जरा अनिच्छेनेच काढला. त्याला पंखाच नव्हता. जामा घातला तेव्हा त्याच्या वजनाने झाकण मिटले आणि लॅपटॉप झोपी गेला. फिरुझने एक छोटा प्रोग्राम घालून झाकण मिटले तरी जागे राहण्याची सोय केली. सालोमत पुन्हा वाजवू लागली. दुसरे गाणे पार पडले. तिसऱ्यात व्हायोलिनांचा ताफा खरखरू लागला. तिने हात न थांबवता तो बंद केला. मग गिज्जकाच्या दोन थरांपैकी एक काढला. समारंभाहून परतलेली बाई एकेक दागिना उतरवते, तसे चालले होते. चांग, नय आणि एकेरी गिज्जक एवढे उरल्यावर खरखर थांबली, आणि ती एकामागून एक गाणी वाजवत राहिली. जाम्याखाली हात घातला तर लॅपटॉप नान भाजता येईल इतका गरम होता. पण सूर ढळत नव्हता.

"बघा, दमला," फिरुझ म्हणाला. "कमजोर आहे. घ्यायचाच तर दांडगा घ्या."

"दांडगा पळतो झकास, पण पडतो तोंडावर. मला शर्यतीचा घोडा नको रे. लग्नाचं ओझं वाहणारं गाढव हवं."

"या गाढवाची किंमत घोड्याएवढीच आहे, बाई."

"असू दे. गाढव शोधायला मी अख्खी दुपार घालवलीय."

व्हायोलिनांचे तिला वाईट वाटले. तोलिब-अकांच्या पहिल्या गाण्याची सुरुवात व्हायोलिनांनीच व्हायची, आणि ती तिनेच मोठ्या हौसेने बसवली होती. लग्न येईपर्यंत रोज सकाळी ती पुरी सुरुवात एकट्या चांगवर वाजवून पाहत होती. वाद्ये बदलण्याच्या कळा डोळे मिटून सापडतील अशी बोटांची सवय केली. तोलिब-अकांना काही सांगितले नाही. सांगितले असते तर ते घाबरले असते, आणि घाबरलेला गायक सुराखाली गातो.

इस्मतुल्ला हाजींच्या अंगणात सूर्य मावळल्यावरही विटा तापलेल्याच होत्या. सालोमतने चांगचे पहिले सूर सोडले. व्हायोलिनांची वाट पाहणारे तोलिब-अका चपापले आणि मान वळवून पाहू लागले. त्यांची उचलायची जागा चुकली. फीत असती तर त्यांना सोडून पुढे गेली असती. सालोमतने तोच तुकडा फिरवून पुन्हा वाजवला, जणू बसवलाच तसा होता. ते आत आले, नेहमीपेक्षा हलक्या आवाजात. समोरची बडबड थांबली.

तिसऱ्या गाण्याला हाजी स्वतः उठले. दोघा मुलांनी धरलेला जरीचा, आतून कापूस भरलेला जामा त्यांनी सालोमतच्या टेबलावर पांघरला. झाकण मिटले. जाम्याची एक बाही तिच्या मनगटांवर येऊन पडली. आता तिला पडदाही दिसेना आणि कळाही. तिने उठून छातीवर हात ठेवून हाजींना मान लववली, दुसऱ्या हाताने बाहीखाली वाजवत राहिली. तोलिब-अका गात होते, पण नजर त्या जाम्यावर खिळली होती.

चौथ्या गाण्यात गिज्जक एकदा खरखरले. समोर नाचणाऱ्यांना काही कळले नाही, तोलिब-अकांना कळले. सालोमतच्या बोटाला बाहीखाली कळ सापडली आणि गिज्जक गप्प झाले. त्याची ओळ तिने चांगच्या खालच्या सुरांवर घेतली, थोडी संथ. तोलिब-अकांनीही आवाज खाली आणला. मग नवरीच्या मावशा उठल्या, लय चढली, आणि चांग शेवटच्या ठोक्यापर्यंत स्वच्छ वाजत राहिले. बैठक संपल्यावर सालोमतने जामा उचलला, कपाळाला लावला आणि घडी घालून मांडीवर घेतला.

जेवणाला थांबले तेव्हा तोलिब-अका पुलावाची थाळी घेऊन तिच्या टेबलाशी आले. व्हायोलिने कुठे गेली, असे त्यांनी विचारले.

"घरी ठेवली. उकाडा फार."

"आज कितीतरी दिवसांनी मला माझा आवाज ऐकू आला," ते म्हणाले. मग थाळीकडे बघत, "पण आधी सांगायला काय झालं होतं? माझा जीव त्या बाहीत अडकला होता."

"सांगितलं असतं तर तुम्ही यायच्या आधीच गळा बसवून घेतला असतात."

तेवढ्यात हाजींचे व्याही आले. सप्टेंबरात त्यांच्याकडेही कार्य होते. तोलिब-अका मोकळे आहेत का, असे ते विचारत होते. तोलिब-अकांनी थाळी टेबलावर ठेवली. ते सालोमतकडे वळले.

"अपा, तुम्हाला जमेल ना सप्टेंबरात?"

सालोमतने नानचा तुकडा मोडला. "आधी विचारा, कार्य अंगणात आहे की सभागृहात. सभागृह गार असेल तर व्हायोलिनंही आणीन."