शुभदाची चिप माझ्या बुटाला

आज सकाळी पाच किलोमीटरच्या शर्यतीत मी दोघींच्या वतीने धावले. आमची मैत्रीण शुभदा केमोथेरपीमुळे येऊ शकली नाही. तिचं मेडल चुकू नये म्हणून तिची वेळ मोजणारी चिप मी माझ्या दुसऱ्या बुटाला बांधली. वाटेतल्या पलासिया चौकापर्यंत आम्ही सगळ्या मैत्रिणी त्यावर हसत होतो.

मेडल घेऊन तिच्या घरी गेलो, तर शुभदाने ते हातातही घेतलं नाही.

"ये क्या कर दिया तुम लोगों ने," ती म्हणाली. "माझं नाव मुलाने पुण्याहून भरलं होतं. मी शर्यत पूर्ण केल्याचा मेसेज त्याच्या मोबाइलवर गेला. म्हणाला, आई, तू तर एकदम फिट झालीस, मग आत्ता रजा घेत नाही, दिवाळीत येतो."

"आणि तू खरं सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"किती खुश होता गं तो. मी हो म्हटलं."

दिवाळीचं नाव काढलं की डॉक्टर गप्प होतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

मुलाचा नंबर माझ्याकडे आहे. सांगायचं नाही, अशी शपथ शुभदाने घातली आहे. मी शपथा मानत नाही. तरी दुपारपासून माझ्याच्याने तो नंबर लावला जात नाही.

तुम्ही लावला असता का?