सासूरुसवी धानाचे सर्व हक्क

प्रिय मीरा आणि ओंकार,

मी आयुष्यात एकाही कागदावर न वाचता सही केलेली नाही. फक्त तुमच्या आबांना करायला लावली. मीरा, परवा तू फोनवर म्हणालीस, "आजी, माझा पहिला शोधनिबंध छापून येतोय. कसलासा फॉर्म आलाय, सही करून टाकते." म्हणून हे आजच लिहिते आहे.

आबा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. कोंढा गावच्या शेतकरी भागीरथाबाईंनी सांगितलेल्या जुन्या धानांवर, म्हणजे भाताच्या वाणांवर, त्यांनी इंग्रजीत निबंध लिहिला आणि एका परदेशी नियतकालिकाने तो स्वीकारला. सोबत चार पानांचा फॉर्म आला. घरातलं इंग्रजी खातं माझ्याकडे. (मी इंग्रजीची प्राध्यापिका होते. हे मी कोणाला विसरू देत नसे.)

"पुरा वाचला का?" आबांनी विचारलं.

"औपचारिकता असते हो. करा सही!"

त्यांनी केली. मी फॉर्मची प्रत फाइलला लावली, वर लेबल चिकटवलं, आणि 'आता छापूनच येणार' म्हणून त्यांच्या सगळ्या टिपणवह्या रद्दीत दिल्या.

आबा गेले. वर्षभराने भागीरथाबाई काठी टेकत घरी आल्या.

"मास्तरानं लिवलेलं मराठीत करून द्या जी. सुनांले पाह्यजे. माह्यानंतर कोन सांगन?"

त्यांचं वय पाहता हे टाळण्यासारखं नव्हतं. मी भाषांतर केलं, छापखान्यात दिलं, आणि निव्वळ शिष्टाचार म्हणून प्रकाशकाला कळवलं. (शिस्त!) उत्तर आलं: भाषांतराचा हक्क लेखकाने आमच्याकडे सोपवला आहे, परवानगी देता येत नाही. लेखकाच्या मूळ टिपणांवर मात्र आमचा काही हक्क नाही.

मी फाइल उघडली. दुसऱ्या पानावर, सोप्या इंग्रजीत, सगळं लिहिलेलं होतं. मी छपाई थांबवली आणि कोंढ्याला गेले.

"म्हंजे माह्या तोंडचं मलेच वाचाले परवानगी लागते?"

"माहिती तुमचीच. ह्यांचं लिखाण मात्र आम्ही देऊन बसलो."

"अन् मास्तरच्या वह्या?"

"रद्दीत गेल्या."

"कोनं देल्ल्या?"

"मी."

"तुमी तं शिकल्या-सवरल्या ना जी!"

मग भागीरथाबाईंनी ओसरीवर गोणपाटाचा बोरा अंथरला आणि म्हणाल्या, "लिवा आता. पयल्यापासून."

चार दिवस त्या सांगत होत्या, मी लिहीत होते. शेवटी मी म्हटलं, "सासूरुसवी धान राहिलं. ह्यांनी निबंधात त्यावर पाऊण पान लिहिलं होतं."

त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले.

"थे धानच नाही जी! मास्तर लई गंभीर तोंड करून लिवत होते, म्हून मजाक केली!"

हे ऐकून आबा दोन दिवस जेवले नसते आणि तिसऱ्या दिवशी पोट धरून हसले असते. मी तिथेच हसले, आणि परतताना बसमध्ये रडले.

आता पुस्तिका कोंढ्यात घरोघरी आहे, भागीरथाबाईंच्या नावाने, त्यांच्याच हक्काची. फॉर्म माझ्या कपाटात आहे, लेबलसकट. आणि कधीच न उगवलेलं सासूरुसवी धान परदेशात सर्व हक्कांसह सुरक्षित आहे. निबंधाच्या खाली, इंग्रजी काळजीपूर्वक वाचल्याबद्दल, माझे आभार मानलेले आहेत.