अक्कांच्या बरणीचा अर्थ

राग आला की अक्कांचा आवाज खाली जात असे. इतरांचा चढतो हे मला ठाऊक आहे. माझाही चढतो आणि त्याची मला कधी खंत वाटलेली नाही. अक्कांचा मात्र पायरी पायरीने उतरत जाई, आणि अगदी तळाशी पोहोचला की त्या म्हणत, "असू दे की." एवढ्यावरून शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीने त्यांना शांत ठरवून टाकले. त्यांच्या मुलांनी आईच्या स्मरणार्थ जी पुस्तिका काढली, तिच्या पहिल्याच पानावर 'आईला रागावलेले कोणी कधी पाहिले नाही' असे वाक्य छापले आहे. पाहिले नसेल, पाहण्यासाठी मान वर करावी लागते. मी त्यांच्या समोरच्या घरात उभा संसार केला. अक्कांइतकी रागीट बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि हे मी पूर्ण आदराने लिहीत आहे.

अक्का गडहिंग्लजकडच्या. माहेरी घरात कानडी, ओसरीवर मराठी. बी.ए. होऊन, वर शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन त्या कोल्हापुरात लग्न होऊन आल्या. यजमानांची गुळाची अडत. त्यांना सगळा बाजार अण्णा म्हणे. घर पेढीच्या वर होते आणि घरातून बाहेर पडायला एकच जिना, तोही नेमका अण्णांच्या गादीसमोर उतरे. भाजीला जायचे असो, देवळात जायचे असो, अक्कांना त्या गादीसमोरूनच जावे लागे आणि अण्णा मान वर न करता विचारत, "कुठं निघालीस?" त्या प्रश्नात संशय नव्हता, हेही नमूद करतो. महिला मंडळातल्या काही बायका अलीकडे अण्णांचा राक्षस करू लागल्या आहेत, ते मला मान्य नाही. अण्णा हमालांच्या मुलींच्या लग्नात स्वतः वाढायला उभे राहणारे गृहस्थ होते. ते केवळ सवयीने विचारत. अक्कांना मात्र त्या सवयीचे उत्तर रोज द्यावे लागे.

स्वयंपाकघरात त्या भांड्यांशी कानडीत बोलत. आमच्या खिडकीतून ते ऐकू येई. एकदा माझ्या पत्नीने हसून विचारले, "अक्का, कुणाला एवढं झापताय?" तेव्हा त्या पातेले विसळत म्हणाल्या, "भांडी उलटून बोलत न्हाईत वैनी, म्हणून त्यांच्याशीच बोलायचं. माणसांशी बोललं की माणसं म्हणत्यात, डोकं दुखतंय काय तुझं?"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होतो. आमच्याकडे मराठीचीच एक जागा निघाली. अक्कांची मुले तोवर मोठी झाली होती, पदवी कपाटात पडून होती, आणि वयोमर्यादेत बसण्याची ती त्यांची शेवटची संधी होती. मी सरळ पेढीवर गेलो. अण्णांनी मला लोडाशी बसवले आणि जिन्याकडे तोंड करून चहा सांगितला.

"काय सर, आमच्या मंडळींना मास्तरीण करतासा व्हय?" ते हसत म्हणाले. "तिला काय कमी हाय इथं? उद्या ती पगाराला जाया लागली तर बाजार म्हणंल, अण्णाची अडत बसली."

अक्का चहा घेऊन शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. मी त्यांनाच विचारले, "अक्का, तुमचं काय म्हणणं आहे?"

"तिचं काय वेगळं असणार?" अण्णांनीच उत्तर दिले.

अक्कांनी कप माझ्यापुढे ठेवला. "असू दे की, सर. चहा घ्या, गार हुतोय." आवाज इतका खाली गेला होता की बाहेरच्या हातगाडीच्या खडखडाटात शेवटचे शब्द मला ओठांवरून वाचावे लागले. ती जागा दुसऱ्या कोणी भरली.

त्याच उन्हाळ्यातला एक प्रसंग गल्लीत आजही विनोद म्हणून सांगतात. उन्हाळ्यात आमच्याकडे वर्षाची कांदा-लसूण चटणी होते. मिरच्यांचे देठ खुडायचे, गच्चीवर वाळवायच्या, तेलावर परतायच्या, मसाल्यासह डंकाच्या गिरणीत कुटून आणायच्या. मिरच्या परतताना कढईत चिमूटभर मीठ टाकतात, म्हणजे त्यांची खाट, ती नाकातोंडात जाणारी तिखट वाफ, उठत नाही आणि घरात कोणाला ठसका लागत नाही. हे कोल्हापुरातल्या कोणत्याही घरात पोरीसोरींनाही ठाऊक असते. त्या वर्षी अक्कांनी मीठ टाकले नाही. खाट जिन्यावरून थेट पेढीवर उतरली. सौदा ठरवायला आलेले व्यापारी धोतराचा सोगा नाकाला लावून रस्त्यावर पळाले, दिवाणजींना शिंका आवरेनात, आणि अण्णा डोळे पुसत जिन्याखालून ओरडले, "अगं, मीठ टाकलीस का न्हाय?"

वरून अक्कांचा आवाज आला, "विसरलो की!"

गल्ली म्हणते, अक्का विसरल्या. पुस्तिकेत धाकट्या मुलाने हीच आठवण 'आईचा विसराळूपणा' म्हणून लिहिली आहे. ज्या बाईला शेजारच्या सुनांच्या बाळंतपणाच्या तिथी पाठ होत्या, ती मीठ विसरली! मी त्या वेळी माझ्या गॅलरीत उभा होतो. अक्का कढईसमोर बसल्या होत्या, पदर नाकाला लावलेला नव्हता, डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि त्या शांतपणे उलथने फिरवत होत्या. विसरलेल्या माणसाचा हात असा फिरत नाही.

चटणी बरणीत भरण्याचीही त्यांची एक रीत होती. पसाभर चटणी घालायची आणि मुठीने दाबायची, पुन्हा घालायची, पुन्हा दाबायची. त्या दाबताना मनगटाच्या शिरा वर येत. माझी पत्नी म्हणाली, "अहो अक्का, बरणी फुटेल." त्यावर अक्का म्हणाल्या, "आत हवा ऱ्हायली की बुरशी येती, वैनी. दाबून भरलं तरच वरीसभर टिकतंय."

पुढे काही वर्षांनी महिला मंडळाच्या अंकात त्यांची कविता आली. आयुष्यात लिहिलेली पहिली. छापण्याआधी त्यांनी ती मला दाखवली होती. ती अशी :

लाल झाल्यावरच खुडली.
उन्हात टाकली, तेलात परतली,
वर मिठाची चिमूट,
घरात कुणाला ठसका लागू नये म्हणून.

मग बरणीत भरली.
मुठीने दाबली, पुन्हा दाबली,
हवेला जागा ठेवली नाही.
तोंडावर फडके बांधले.

आता वर्षभर
ताटाच्या कडेला थोडी थोडी वाढीन.
तुम्ही म्हणाल, हाताला चव आहे.
बरणीला विचारू नका
आत अजून किती आहे.

पुस्तिकेत या कवितेवर एका प्राध्यापकांचे विवेचन आहे. त्यांच्या मते लाल रंग हे सौभाग्याचे प्रतीक, मीठ कृतज्ञतेचे, तोंडावरचे फडके कुलीन मर्यादेचे, आणि भरलेली बरणी म्हणजे गृहलक्ष्मीची समृद्धी. हे गृहस्थ जेवताना ताटाकडे पाहत नसावेत. समृद्धी ताटाच्या कडेला कोण वाढते? कवितेत 'चटणी' हा शब्द एकदाही आलेला नाही, एवढे तरी त्यांच्या ध्यानात यायला हवे होते. काय खुडले, काय परतले, काय दाबले, हे बाईने मुद्दाम सांगितलेले नाही. कारण ज्याचे नाव घ्यायची सोय नाही, तेच तिला भरून ठेवायचे आहे. मीठ ही कृतज्ञता नव्हे. आपल्या जाळाचा त्रास दुसऱ्याला होऊ नये म्हणून आपणच आपल्यावर टाकलेली ती चिमूट आहे. आणि 'तुम्ही म्हणाल, हाताला चव आहे' ही सगळ्यांत कडू ओळ कोणाच्याच नजरेत आली नाही. ज्यांच्यावर राग आहे, तेच तो राग रोज चवीने खातात आणि वाढणारीची तारीफ करतात. यातून सुटका कशी व्हावी? ओरडायचे म्हटले तर ओरडणेही त्यांना रुचकर लागते. मराठीच्या वर्गात मी प्रतिमा आणि प्रतीक यांतला फरक जन्मभर शिकवला. अक्कांनी तो एका बरणीत दाखवला.

कवितेचा हा अर्थ मी त्यांना, त्यांनी ती दाखवली त्याच दिवशी सांगितला. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमाला कळलं, त्यात काय? तुमचा धंदाच त्यो. ह्यांना कळंल का, सर?"

"अण्णांना? आणि कळलं तर?"

"कळलं तर एकदा भांडण हुईल. झालं तर हुदे की. आमी कवा भांडलोच न्हाय. भांडण झालं म्हणजे बोलता येतंय." कवितेच्या कागदाची घडी घालत त्यांनी पुढे म्हटले, "आनि न्हाय कळलं, तर मग पुन्हा लिहायची न्हाय. लिहून तरी कुणाला वाढायचं?"

अण्णांनी अंक उघडला नाही. पण त्यांच्या साठीचा सोहळा आला, तेव्हा बायकोची चटणीवरची कविता छापून आली आहे हे कोणीतरी त्यांच्या कानावर घातले आणि त्यांनी हौसेने ती कार्यक्रमात ठेवली. कार्यालय भरलेले. बाजारातले झाडून सारे व्यापारी, दोन्हीकडचे पाहुणे, निपाणी-संकेश्वरहून आलेले सोयरे. अण्णा फेटा बांधून खुर्चीत बसलेले. त्यांनी स्वतः माइक हाती घेतला. "आता आमच्या सौभाग्यवती कविता म्हणणार हाईत. पावणं, जेवायच्या आधी चटणीची कविता ऐका, म्हणजे भूक चांगली लागंल!"

सभागृह हसले. अक्का उभ्या राहिल्या. कागद हातात नव्हता. त्यांनी पाहुण्यांकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले नाही. अण्णांच्या खुर्चीकडे वळून त्यांनी ती कविता म्हटली. एरवी खाली जाणारा आवाज त्या दिवशी एकाच उंचीवर राहिला. 'बरणीला विचारू नका' या ओळीवर त्या थांबल्या, इतक्या की सोयऱ्यांना वाटले, कविता संपली. मग त्यांनी शेवटची ओळ उच्चारली.

सर्वांत आधी टाळ्या अण्णांनी वाजवल्या. फेटा हलेपर्यंत वाजवल्या. त्यांच्यामागून सारे सभागृह वाजवू लागले. एक व्यापारी ओरडला, "अण्णा, वहिनींच्या चटणीला तोड न्हाय बघा!" आणि पंगती बसल्या.

"बघितलासा न्हवं सर?" हात धुवायच्या जागी अक्का मला म्हणाल्या. "चाटून पुसून खाल्ली." त्या हसल्याही. नंतर वाढायला गेल्या.

त्यांनी पुन्हा लिहिले नाही. 'संसाराच्या व्यापात लेखन मागे पडले' असे पुस्तिकेत आहे. मुले मार्गी लागली होती, घरात सुना होत्या, व्याप कसला? मी दोन-तीनदा विषय काढला. त्यांनी मला तेच उत्तर दिले, जे पेढीवर चहासोबत दिले होते, आणि मी काय समजायचे ते समजलो. पुढे त्यांचे दुखणे निघाले, ते फार लांबले नाही. इस्पितळात मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या पत्नीची चौकशी केली आणि म्हणाल्या, "वैनींना म्हणावं, यंदा चटणी माज्यावर ठेवू नका." उन्हाळा लागण्याआधीच त्या गेल्या.

पुस्तिका छापून आल्यावर एका दुपारी अण्णा माझ्याकडे आले. गुडघे दुखत असतानाही ते रस्ता ओलांडून आले होते. पुस्तिका त्यांच्या हातात होती. बसल्या बसल्या म्हणाले, "सर, त्या प्राध्यापकानं लिवलंय ते खरं न्हाय."

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? त्याच दिवशी कळलं हुतं. ती माज्याकडं बघून म्हणत हुती. माज्यावरच हुती कविता."

गल्लीने, मुलांनी, मंडळातल्या बायकांनी, सर्वांनी एका गोष्टीवर तरी एकमत केले होते की अण्णांना कवितेतले काही कळत नाही. कबूल करतो, तेवढ्या एका बाबतीत मीही त्यांच्यासारखाच समजत होतो.

"मग टाळ्या कशाला वाजवल्यात?"

"न्हाय वाजवल्या असत्या तर लोकांनी माज्या तोंडाकडं बघितलं असतं." ते पुस्तिकेची कड अंगठ्याने सपाट करत राहिले. "घरी गेल्यावर तिनं इचारलं. कशी वाटली म्हणाली. मी म्हणलो, झकास."

"खरं का नाही बोललात?"

"भांडण झालं असतं, सर."

मी मवाळ माणूस नाही आणि त्या दुपारी मवाळ व्हावे असे मला वाटलेही नाही. मी त्यांना सांगून टाकले, "अण्णा, त्यांना तेच हवं होतं. एकदा तुमच्याशी भांडायचं होतं. छापायच्या आधी माझ्याशी बोलल्या होत्या."

आतून माझ्या पत्नीने चहा आणून ठेवला. अण्णांनी तो घेतला नाही. पुस्तिका मिटून त्यांनी विचारले, आणि त्यांचा प्रश्न खराच होता, "भांडायचं हाय म्हणून तुमाला सांगिटली. मग मला का न्हाय सांगिटली?"

"भर सभेत, तुमच्याकडे तोंड करून सांगितलं की, अण्णा," मी म्हणालो.