काकूंच्या ओठापासून एक बोट

कसब्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमचा कराटेचा क्लास भरतो. तिथे नाव घातलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि माझं डोकं कायम तापलेलं असायचं. हिंजवडीहून कंपनीच्या बसने दोन तास हॉर्न ऐकत यायचं आणि पांढरा गणवेश चढवून समोरच्यावर तुटून पडायचं, हा माझा नेम. आमचे सर हडपसरचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की राग घरनं आणता का कंपनीतनं? कंपनीतून, मी म्हणालो. मग तिथंच ठेवून येत जा, म्हणाले.

माझ्या जोडीला काकू असायच्या. वय बासष्ट, पोस्टातून निवृत्त, उंची माझ्या खांद्याइतकी. नातवाला सोडायला म्हणून यायच्या. नातू दोन महिन्यांत कंटाळला, काकू चिकटल्या. जोडीच्या सरावात मारणाऱ्याने आधी जागा सांगायची. ‘जोदान’ म्हटलं की तोंडावर. मग पूर्ण जोराने ठोसा काढायचा, आणि समोरच्याला अडवता आला नाही तर तो कातडीच्या एक बोट अलीकडे आपणच थांबवायचा. मारण्याआधी इतकी रीतसर सूचना देणारी विद्या पुण्यात रुजली यात नवल नाही.

एका गुरुवारी बस जास्तच रखडली, त्यात साहेबाचा फोन. मी हॉलमध्ये शिरलो तोच घुश्शात. जोदान म्हणालो, ठोसा काढला. काकूंचा हात यायला उशीर झाला आणि माझा थांबला नाही. त्यांचा ओठ फुटला. त्यांनी रुमाल दाबून धरला आणि आता सुनेला काय सांगायचं, एवढीच काळजी बोलून दाखवली. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या रात्री मी जेवलो नाही.

तेव्हापासून मी शहाणा झालो. काकूंच्या तोंडापासून चांगली वीतभर अलीकडे मूठ थांबवायची, तीही हलकेच, वाटीतलं तूप सांडू नये तशी. आपल्याला संयम जमला म्हणून मी मनातून खूशही होतो. काकू बिचाऱ्या हवेत हात फिरवत राहायच्या. सर लांबून बघायचे.

मग एका रविवारी सकाळी काकूंची हिरव्या पट्ट्याची परीक्षा आली. पाच ठोसे अडवायचे होते आणि मारायला त्यांनी मलाच मागून घेतलं. पहिला मी वीतभर अलीकडे थांबवला. सर म्हणाले, परत. पुन्हा काढलेलाही तसाच गेला, दोन्ही मोजणीत धरले नाहीत. सरांनी पेन खाली ठेवलं.

“ह्या अडवणार काय? तुम्ही मारतच नाय. असंच चाललं तर ह्या नापास, आणि ते तुमच्यामुळं हाय.”

मी काकूंना हळूच म्हणालो, की मला भीती वाटते. त्यांनी पट्टा घट्ट केला.

“अहो, भीती नाही, दया येतेय तुम्हाला माझी. ओठ फुटला तेव्हा इतकं वाईट वाटलं नव्हतं मला.”

माझे कान तापले. एक बाई या परीक्षेसाठी चार महिने घाम गाळत होती आणि मी तिला आजारी माणसासारखं वागवत होतो. स्वतःचाच भयंकर राग आला. तो गिळून मी जोदान म्हणालो आणि खरा ठोसा काढला. काकूंनी तो असा उडवला की माझं मनगट झणझणलं. इतका आनंद मला कुठल्याही बढतीने दिला नव्हता. पुढचे तीनही त्यांनी उडवले.

पाचव्याला काकू दमल्या होत्या. मी मात्र पुऱ्या जोराने निघालो होतो. त्यांचा हात अर्ध्यावरच राहिला, मला काही सुचायच्या आत माझी मूठ आपली आपण थांबली, आणि त्यांचा श्वास माझ्या बोटांना लागला. त्याच ओठावर त्या गुरुवारचा वण अजून दिसत होता, आणि काकूंनी पापणीसुद्धा लववली नव्हती.